गच्चीवर सावली, डोक्यात सोलर : पंचवटीतल्या घरासाठी सल्ला हवा

निवांत_पंचवटीकर (२४ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय.

पंचवटीत वडिलांनी बांधलेलं जुनं बैठं घर आहे, वर एक मजला मी चढवला. गच्ची ३० बाय २५ फूट. दक्षिणेला शेजाऱ्यांचा आंबा, तो गच्चीच्या वर साधारण बारा फूट गेलाय. नैऋत्येला रस्त्याकडेचा जुना वड. शिवाय आमचीच पाण्याची टाकी पाच फुटी ओट्यावर नैऋत्य कोपऱ्यात, आणि पश्चिमेला जिन्याची खोली. ईशान्येला सोलर वॉटर हीटर, काचेच्या नळ्यांचा. बिल महिना अडीचशे युनिट, एप्रिल-मेमध्ये साडेतीनशेला टेकतं.

तीन विक्रेते येऊन गेले. पहिला एप्रिलमध्ये सकाळी अकराला आला, मोबाइलवर गच्चीचे दोन फोटो काढले आणि "साहेब, ३ किलोवॅट बसतं, ७८ हजार सबसिडी" म्हणून कोटेशन पाठवलं. सावलीचं विचारलं तर म्हणे, "आहे कुठे सावली?" खरंच नव्हती त्या वेळी! दुसरा परवा आला. त्याने वडाकडे बघून "हे झाड उडवा आधी" असा हुकूम सोडला. तिसरा म्हणतो प्रत्येक पॅनलला स्वतःचा मायक्रो इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारा छोटा डबा) लावा, सावलीची चिंताच सोडा. त्याचा आकडा ऐकून मी चिंता सोडली नाही, विचार सोडला.

सावलीच्या घरात कुणी सोलर बसवलंय का? नक्की काय करावं?

खट्याळ_काका (२४ नोव्हेंबर)

पंचवटीत राहून वडाची सावली नको म्हणताय? अहो, गावाचं नावच पाच वडांवरून पडलंय. चौदा वर्षांचा वनवास मागून घ्या, त्यांना त्या सावलीत वीजबिल येत नव्हतं.

(दिवे घ्या. सोलरचे घेतले तरी चालतील.)

रानवारा (२४ नोव्हेंबर)

रुमाल टाकून ठेवते. देवळाली कॅम्पात आमच्याकडेही हीच बोंब, चारी बाजूंनी झाडं.

तारतंत्री (२४ नोव्हेंबर)

मी याच धंद्यात अकरा वर्षं आहे, पण इथे काही विकायला आलेलो नाही, त्यामुळे मोकळं बोलतो.

आधी सावलीने होतं काय ते समजून घ्या. साध्या स्ट्रिंग पद्धतीत सगळी पॅनल्स एकामागे एक जोडलेली असतात, सगळ्यांतून एकच करंट वाहतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली असेल तर कळेल. अरुंद वाटेवर पुढची एक आजी दम खायला थांबली की मागचे शंभर थांबतात, कुणी कितीही तरणाबांड असो. सावलीतला एक सेल (पॅनलवरचा एक छोटा चौकोन) म्हणजे ती आजी. बायपास डायोड म्हणजे तिच्या शेजारून काढलेली पायवाट. एका पॅनलमध्ये असे साधारण तीन डायोड असतात, म्हणजे एका कोपऱ्यात सावली आली की पॅनलचा तिसरा हिस्सा बाजूला पडतो, बाकीचं चालू राहतं. डायोड नसता तर तो सेल वीज बनवायच्या ऐवजी खात बसला असता आणि तापला असता. त्यालाच हॉटस्पॉट म्हणतात.

आता तुमचे तीन विक्रेते. पहिला चुकला कारण तो एप्रिलमध्ये आला. नाशिक २० अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दुपारच्या सुमारास कुणाच्याही गच्चीवर फारशी सावली नसतेच. २२ डिसेंबरला तोच सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेला ४६-४७ अंशांवर असतो, म्हणजे वस्तू जेवढी उंच जवळजवळ तेवढीच लांब सावली उत्तरेकडे. तुमच्या आंब्याची अकरा-साडेअकरा फूट. सकाळी साडेनऊला तर उंचीच्या जवळजवळ दुप्पट.

आणि भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास. लोक बाराला फोटो काढून पाठवतात.

दुसऱ्याचं नंतर. तिसरा अगदीच खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. मायक्रो इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलची वीज स्वतंत्रपणे जुळवून घेणारा छोटा डबा) लावला की एका पॅनलचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही, एवढंच. जे पॅनल सावलीत आहे ते सावलीतच राहतं, त्याला ऊन कुणी विकत देत नाही.

गच्चीवाली (२५ नोव्हेंबर)

तारतंत्री, आजीचं उदाहरण आवडलं, पण आम्हा आज्यांवर का घसरता? :)

निवांत, इतकं ॲप-बिप करू नका. घरातल्या बाईला विचारा. कुरडया, सांडगे, पापड कुठे वाळत घालता ते विचारा. ज्या जागी सकाळी नऊपासून चारपर्यंत वाळवण हलवावं लागत नाही, ती पॅनलची जागा. चाळीस वर्षं गच्चीवर वाळवण केलंय मी, कुठल्या फरशीवर कधी सावली येते ते डोळे मिटून सांगेन.

मीटर_फिरला (२५ नोव्हेंबर)

+१. आमच्या सासूबाईंनी इंजिनियरला हाच सल्ला दिला होता. तो हसला. नंतर तिथेच पॅनल लावली.

निवांत_पंचवटीकर (२५ नोव्हेंबर)

आईला विचारलं. तिने क्षणात सांगितलं, दक्षिणेच्या कठड्याला लागून, आंब्याच्या बाजूला. म्हणे दिवसभर कडकडीत ऊन. मी चक्रावलो, आत्ता तिथे अकरा वाजताही सावली आहे!

तारतंत्री (२५ नोव्हेंबर)

गच्चीवालीताई, रागावू नका, पण तुमचा नकाशा उन्हाळ्याचा आहे. वाळवण मार्च ते मे. तेव्हा सूर्य उंच, आणि २० मे नंतर तर जुलैच्या तेवीस-चोवीसपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा दक्षिणेच्या झाडाची सावली गच्चीवर येणार कशी? निवांतच्या आईंचं बरोबर आहे, फक्त ते मे महिन्यातलं बरोबर आहे. पॅनलला डिसेंबरही काढायचा असतो.

गच्चीवाली (२५ नोव्हेंबर)

हं. हे पटलं. डिसेंबरात मी गच्चीवर फक्त पाठ शेकायला जाते, आणि हो, तेव्हा खुर्ची उत्तरेच्या टोकाला नेते. ध्यानातच आलं नव्हतं कधी.

सायखेड्याचा_बागाईतदार (२५ नोव्हेंबर)

आम्ही द्राक्षवाले. सावलीवर आमच्याइतकं कुणी भांडत नसेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवर ऊन नाही पडलं तर पुढच्या हंगामाचे घड काडीत तयारच होत नाहीत, म्हणून फेलफुटी (नको असलेली फूट) काढून मांडव मोकळा ठेवावा लागतो. तेच करा. झाड तोडू नका, विरळणी करा. आंब्याच्या आतल्या फांद्या काढल्या की खाली ऊन झिरपतं, आंब्यालाही मोहर बरा येतो.

अर्धवट_अभियंता (२६ नोव्हेंबर)

द्राक्षाला झिरपतं ऊन चालतं दादा, पॅनलला नाही. झाड विरळ केलं की खाली कवडसे पडतात. पानाला कवडसा म्हणजे मेजवानी, पण पॅनलच्या तिन्ही भागांवर थोडी थोडी सावली शिंपडली गेली तर तिन्ही भाग कोमेजतात. तिथे डायोड हतबल, ऑप्टिमायझरही जवळपास हतबल, कारण तो पॅनल आणि पॅनल यांतला फरक सांभाळतो, एकाच पॅनलच्या पोटातला नाही. त्यापेक्षा सरळ कडेची स्पष्ट सावली परवडली, निदान कुठपर्यंत येते ते कळतं.

हाफ-कट पॅनलबद्दलही एक गैरसमज आहे. वरचा आणि खालचा अर्धा वेगळा असतो हे खरं, खालच्या अर्ध्यावर कठड्याची सावली आली तर वरचा चालू राहतो. पण स्ट्रिंगमध्ये याचा फायदा तेव्हाच, जेव्हा रांगेतल्या सगळ्यांच्याच खालच्या अर्ध्यावर सावली असते. एकाच्याच पायावर सावली आली तर बाकीचे त्याला ओढत नेतात किंवा टाकून पुढे जातात. पॅनल उभं लावायचं की आडवं, हे सावली कुठल्या बाजूने सरकत येते ते बघून ठरवायचं असतं.

जळगावचा_भाचा (२६ नोव्हेंबर)

वड तोडून टाका ना भो, एवढं काय?

रानवारा (२६ नोव्हेंबर)

"एवढं काय?" अहो, नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर तर ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात. आणि रस्त्याकडेचा वड त्यांच्या बापाचा आहे का? तपोवनातल्या झाडांवरून नाशिककर कसे रस्त्यावर उतरले होते ते विसरलात वाटतं.

शिवाय त्या वडाने मे महिन्यात घर किती थंड राहतं ते कुणी मोजलंय? पाच युनिट वीज बनवायला झाड तोडायचं आणि मग आठ युनिट एसीला घालायची.

जळगावचा_भाचा (२६ नोव्हेंबर)

बरं बाई, नाही तोडत. आमच्याकडे ४५ डिग्री असतं, तिकडे वड असता तर मी त्याच्याखालीच राहायला गेलो असतो.

व्यवस्थापक_मंडळ (२६ नोव्हेंबर)

तपोवनाच्या वादासाठी वेगळा धागा आहे. इथे सौर विषयावरच चर्चा चालू ठेवावी.

मीटर_फिरला (२७ नोव्हेंबर)

माझा अनुभव. इंदिरानगर, रो-हाउस. आमच्या विक्रेत्याने (नाव घेत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही) सहा पॅनल एका स्ट्रिंगमध्ये लावली, त्यातलं एक टाकीच्या मागे. टाकी माझीच, चार फूट उंच. सप्टेंबरात बसवलं तेव्हा सगळं छान. दिवाळीनंतर रोज दुपारी दोनपासून उत्पादन एकदम खाली बसायला लागलं. तो म्हणे, "थंडीत होतं असं." थंडीत होत नसतं! पॅनल थंड असलं तर उलट बरं चालतं, तापलं की प्रत्येक अंशाला तिसरा-चौथा हिस्सा टक्का कमी देतं. शेवटी मी वर जाऊन बसलो. टाकीची सावली सरकत सरकत सहाव्या पॅनलच्या कोपऱ्यावर आली आणि मोबाइलवरचा आकडा डोळ्यांदेखत पडला.

प्लंबरला बोलावून टाकी उत्तरेला नेली. सगळा खेळ त्यात मिटला. तेव्हा निवांत, वड-आंबा नंतर, आधी स्वतःची टाकी बघा.

खट्याळ_काका (२७ नोव्हेंबर)

टाकी उत्तरेला?! वास्तुवाल्यांना चक्कर येईल. टाकी नैऋत्येलाच हवी म्हणतात. आता कळलं, वास्तुशास्त्र लिहिलं तेव्हा सोलर नव्हतं.

अर्धवट_अभियंता (२७ नोव्हेंबर)

काका, विनोद बाजूला, पण ही खरीच अडचण आहे. नाशकात अर्ध्या गच्च्यांवर टाकी नैऋत्येला असते, आणि हिवाळ्यातल्या दुपारी तिची सावली तिरकी ईशान्येकडे पसरते, म्हणजे नेमकी मोकळ्या गच्चीवर. नवं घर बांधणाऱ्यांनी तरी टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेच्या कडेला ढकलावी. उत्तरेच्या वस्तूची सावली वर्षातला बहुतेक काळ घराबाहेरच पडते.

नवीन_आयडी_१२ (२८ नोव्हेंबर)

माझा बाळबोध प्रश्न. सोलर असलं की लाइट गेली तरी घरात चालू राहते ना?

तारतंत्री (२८ नोव्हेंबर)

नाही. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड (बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेलं) असेल तर लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड घ्यावा लागतो, तो खर्च वेगळा.

नवीन_आयडी_१२ (२८ नोव्हेंबर)

म्हणजे कडक उन्हात, गच्चीवर दोन लाखांची पॅनल असताना, पंखा बंद?

तारतंत्री (२८ नोव्हेंबर)

हो. हे विक्रेते सांगत नाहीत आणि मग आम्ही शिव्या खातो.

रानवारा (२९ नोव्हेंबर)

मूळ प्रश्नाकडे येऊ का? गच्चीवर उंच मांडव घालून पॅनल वर नेली तर? आमच्याकडे दहा फुटी लोखंडी सांगाडा सुचवलाय.

तारतंत्री (२९ नोव्हेंबर)

टाकी, कठडा, जिन्याची खोली यांच्या सावलीवर चांगला उपाय. बारा फुटी आंब्यावर अर्धा, देवळालीच्या झाडांवर शून्य. आणि उंची वाढली की वारा धरतो. पावसाआधीच्या वावटळीत पॅनल म्हणजे शीड. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच घ्या, आणि पाय स्लॅबमधल्या कॉलमवर येतील असं बघा, नुसते फरशीला ठोकलेले नकोत. गळतीला मग आयुष्यभर बघत बसाल.

निवांत, तुमच्यासाठी मी आधी किलोवॅट ठरवणारच नाही. लोक काय करतात, ७८ हजारांची सबसिडी ३ किलोवॅटला आहे म्हणून तीनच बसवायचे, मग उरलेली दोन-तीन पॅनल कुठे तरी टाकीमागे कोंबायची. २ किलोवॅटलाही ६० हजार मिळतातच की. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला सरकार फक्त १८ हजार जास्त देतं, उरलेले तुमच्या खिशातून, आणि तेही सावलीतल्या पॅनलसाठी.

सध्याची ५४० वॅटची चार पॅनल घ्या, २.१६ किलोवॅट. चांगल्या उन्हात आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरतात. म्हणजे महिना अडीचशेच्या आसपास. तुमची गरज तेवढीच आहे. पण चारही पॅनलना ऊन सारखं मिळायला हवं. मग साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर पुरतो, मायक्रोची गरज नाही. ती चार दोन-दोन करून वेगवेगळ्या दिशांना लावायची भानगड मात्र करू नका. दोन पॅनलचं व्होल्टेज ८०च्या आसपास येतं आणि कित्येक इन्व्हर्टर तेवढ्यावर जागेच होत नाहीत. माहितीपत्रकात सुरुवातीचं व्होल्टेज बघून घ्या.

२१ डिसेंबरला रविवार नसला तरी सुट्टी काढा, खडू घ्या, दर तासाला सावलीची कड आखा.

मीटर_फिरला (२९ नोव्हेंबर)

आणि हिवाळ्यात थोडं कमी आलं म्हणून जीव टाकू नका. नेट मीटरमध्ये (घेतलेली आणि लाइनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, हिशेब वर्षाचा, ३१ मार्चपर्यंतचा. एप्रिल-मेमधले जास्तीचे पावसाळ्यात कामाला येतात.

गच्चीवाली (३० नोव्हेंबर)

वडाखाली पक्षी किती ते बघून ठेवा. आमच्याकडे वडाला फळं आली की कावळे, मैना, रात्री वटवाघळं. पॅनलवर पडलेली विष्ठा वाळली की पाण्याने निघत नाही. आणि बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग राहतात. सकाळी लवकर, पॅनल थंड असताना धुवा.

निवांत_पंचवटीकर (२२ डिसेंबर)

काल काम झालं. म्हणजे काम आईने केलं, मी चहा दिला.

मी सकाळी आठला खडू घेऊन वर गेलो तर ती आधीच स्टूल टाकून बसलेली. "तुला सरळ रेघ येत नाही, दे इकडे" म्हणून खडू काढून घेतला. मी हाक द्यायची, "वाजले!", ती वाकून कड आखणार आणि शेजारी वेळ लिहिणार. खडू संपला तेव्हा रांगोळी आणली. साडेबाराला आंब्याची सावली दक्षिणेच्या कठड्यापासून दहा फुटांवर थांबली. दोनला टाकीची सावली गच्चीच्या मध्यावर. तीन वाजून दहा मिनिटांनी वडाची पहिली फांदी कठड्यावरून आत आली, आणि चारला गच्ची संपली. फरशीवर रेघांचं असं जाळं झालं की संध्याकाळी भाचीने त्यात लंगडी खेळली.

या सगळ्यात साडेनऊ ते तीन पूर्ण कोरा राहिलेला एकच तुकडा आहे, ईशान्येचा. साधारण पंधरा बाय दहा फूट. आणि त्यावर बसलाय कोण? वॉटर हीटर!

अर्धवट_अभियंता (२२ डिसेंबर)

मग हीटर उठवा! पाणी तापवणाऱ्या नळ्यांना सावलीचा असा जाच नाही. चार नळ्यांवर सावली आली तर चार नळ्यांपुरतंच नुकसान, बाकीच्या आपलं काम करतात. त्याला अर्धवट सावलीची जागा चालते. मी स्वतः हीटर घराच्या सगळ्यात उन्हाच्या जागी लावून बसलोय, हे आत्ता तुमचं वाचून कळलं.

तारतंत्री (२२ डिसेंबर)

शाब्बास. आईंना माझ्याकडे साइट सर्वेला पाठवा, पगार देतो.

५४०चं पॅनल साधारण साडेसात बाय पावणेचार फूट. चार उभी शेजारी लावली तर पंधरा फूट, अगदी काठोकाठ. मध्ये क्लॅम्पची जागा लागेल. दोनावर दोन आडवी लावली तरी रुंदी तेवढीच, पण मधली फट एकच, तेव्हा तसं बघा, मागची रांग थोडी उचलून. तिरपेपणा फार नको. टाकीला मात्र नैऋत्य कोपरा सोडावा लागेल.

खट्याळ_काका (२२ डिसेंबर)

वास्तु गेली, हीटर गेला, टाकी गेली. वड तेवढा राहिला. पंचवटीची लाज राखली.

निवांत_पंचवटीकर (९ मार्च)

धागा वर काढतोय. टाकी उत्तरेच्या कडेला गेली, हीटर पश्चिमेला जिन्याच्या खोलीजवळ. पाणी थोडं उशिरा कडक होतं, तेवढं चालतं. चार पॅनल ईशान्येला, साधा इन्व्हर्टर. नेट मीटर बसून तीन आठवडे झाले. काल ८.६ युनिट. वडाची पानगळ चालू आहे, त्यामुळे चारनंतरही थोडं येतं, पण पानं पॅनलवर येऊन बसतात.

एकच तंटा उरलाय. आई विचारते, "सगळं ऊन त्या काचांना दिलंत, आता माझ्या कुरडया कुठे?"

गच्चीवाली (९ मार्च)

दक्षिणेच्या कठड्याला, आंब्याच्या बाजूला! त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना. डिसेंबरची ती दहा फूट सावली आता मागे सरकायला लागली असेल, एप्रिलमध्ये तिथे तिचा मागमूस राहणार नाही. गव्हाचा चीक घाटायच्या आधी एकदा खडू घेऊन बघून या.

निवांत_पंचवटीकर (१० मार्च)

बघून आलो. सहा फूट मागे गेलीय. आई म्हणते खडू नको, तिला माहीत आहे.